वर्षाची एकच ओहोटी

काशीदला किंवा रेवदंड्याला वाळूत रात्र काढायची तर आधी तिथी बघावी लागते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हिशेब तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची एक ओळ दिसते, ती उधाणाची खूण. तिच्या वर तंबू ठोकला की रात्री पाणी पायाशी येत नाही. समुद्र धोक्याचा खरा, पण त्याचं वेळापत्रक पंचांगात छापलेलं असतं.

आता कामशेतला हायवे सोडून नाणे मावळात शिरू. इथे कुंडली नदीवर वडिवळ्याचं मातीचं धरण आहे. पवना धरणाच्या मानाने लहानच. पवनेत साडेआठ टीएमसी पाणी मावतं, वडिवळ्यात साधारण एक. अर्थात एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २८३० कोटी लिटर, तेव्हा लहान हा शब्दही जपूनच वापरायचा. डांबरी रस्ता सोडून जलाशयाच्या काठाकडे उतरणारी कच्ची वाट धरली की शेवटी एक लांबलचक, रिकामा, उताराचा पट्टा लागतो. शहरातून आलेल्या माणसाला तो बीच वाटतो. समोर पाणी, मागे डोंगर, मध्ये मोकळी जमीन, दुकान नाही, पाटी नाही. तंबू ठोकायला आणखी काय पाहिजे?

हा पट्टा बीच नाही, आणि तो का नाही हे कळलं की इथे कुठे झोपावं, कुठे पोहू नये आणि कोणाला विचारावं हे सगळं आपोआप उलगडत जातं.

समुद्राचा किनारा लाटांनी घडवलेला असतो. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहतो आणि किती लांबवर त्याला पाणी मोकळं मिळतं. अरबी समुद्रात वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळे मिळतात. कोकणात फुटणारी लाट कित्येकदा दूरच्या वादळात जन्मलेली असते. ती लाट वाळू चाळते, जड कण एकीकडे, हलके दुसरीकडे करते आणि हजारो वर्षांत किनाऱ्याला एक सौम्य उतार आणून देते. वडिवळ्यात वाऱ्याला एवढी धाव मिळत नाही. वारा सुटला तरी उठते ती वीतभर लाट. असल्या लाटेने किनारा घडत नाही. तेव्हा आपण ज्याला काठ म्हणतो तो प्रत्यक्षात डोंगराचा उतारच, फक्त त्याला पाणी टेकलेलं.

आणि ते पाणी तिथे कायमचं टेकलेलंही नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धरण जुलै-ऑगस्टात भरतं. पंधरा ऑक्टोबरला पाटबंधाऱ्याच्या हिशेबात साठा मोजला जातो आणि त्यावरून रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, ठरतात. मग पाणी उतरायला लागतं ते जूनपर्यंत. चढायला दोन-अडीच महिने, उतरायला आठ. समुद्राला रोज दोनदा भरती-ओहोटी, या काठाला वर्षात एकदा. आणि इथल्या पाण्याला ओढणारा चंद्र आकाशात नसतो, तो जलसंपदा विभागाच्या बैठकीत बसलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काठावर गेलात तर ही ओहोटी डोळ्यांनी वाचता येते. उतारावर एकाखाली एक आडव्या, बोटभर उंचीच्या पायऱ्या दिसतात. पाणी एका पातळीवर काही दिवस थांबलं, तेवढ्यात त्या वीतभर लाटांनी मुरूम थोडा खरवडला आणि एक पायरी झाली. मग आवर्तन सुटलं, पाणी झपाट्याने खाली गेलं. तिथे पायऱ्या विरळ होतात. पुन्हा थांबलं, पुन्हा पायरी. सगळ्यांत वरच्या पायरीवर पावसाळ्यातला कचरा अडकलेला असतो: सुकलेली कारवीची दांडकी, थर्माकोलचे तुकडे, एखादी चप्पल. ती पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाणी जिथे पोचतं ती रेघ. त्या रेघेच्या खालची सगळी जमीन ही जलाशयाचं बूड आहे. पाहुणा फेब्रुवारीत तंबू ठोकतो तो तळ्याकाठी नव्हे, तळ्यात.

या रिकाम्या बुडाला धनी असतो. धरणासाठी जमीन संपादित होते तेव्हा ती सरकारची होते, पण पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि ती देताना धरणात ज्यांची शेतं गेली त्यांचा विचार आधी होतो. तिला गाळपेर म्हणतात. ओल असते, गाळ ताजा असतो, नांगराची फारशी गरज पडत नाही. पाणी जसं मागे सरकेल तसा मागोमाग हरभरा, मसूर, काकडी असं काहीतरी टाकत जायचं. पीक जूनच्या आत काढलं नाही तर गेलं. म्हणून काठावर मोकळी दिसणारी जमीन कित्येकदा पेरलेली असते आणि अंकुर अजून वर आलेला नसतो. त्यावरून एसयूव्ही पाण्यापर्यंत नेणारा माणूस चाकाखाली काय गेलं हे न कळताच फोटो काढत असतो.

स्वीडनमध्ये कोणीही कोणाच्याही रानात, घरापासून लांब, एखाद-दुसरी रात्र तंबू टाकू शकतो; तो हक्क त्यांच्या रीतीत आणि कायद्यात आहे. स्कॉटलंडने २००३ मध्ये कायदा करून असाच हक्क दिला. आपल्याकडे तसला हक्क नाही. इथे हातभर जमिनीलाही सातबारा असतो: कोणाची खासगी, कोणती गायरान, कोणती वनखात्याची, कोणती जलसंपदाची. राखीव वनात तर विस्तव पेटवणं हाच १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे मावळात ‘रानात कुठेही’ मुक्काम करायचा म्हणजे खरं तर गावात कोणाला तरी विचारून करायचा. हे मला कधी कमीपणाचं वाटलेलं नाही. वाडीत पहिल्या घरी थांबावं, “काका, खाली काठावर रात्री राहिलं तर चालेल का?” एवढं विचारावं. बहुधा उत्तर येतं, “राहा की, पण त्या ओढ्याकडं नको.” हा ‘ओढ्याकडं नको’ कोणत्याही नकाशात सापडत नाही.

पवनेच्या काठी हे विचारणं आता पैशांत होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे ओळीने तंबू, दिव्यांच्या माळा, बार्बेक्यू, गिटारवाला, सकाळी पोहे असं पूर्ण दुकान उभं राहिलं. ते उघड्यावरचं लॉज आहे, माझ्या लेखी कॅम्पिंग नव्हे. पण ज्यांची शेतं पाण्यात गेली त्यांच्या मुलांना त्या पाण्यातून पहिल्यांदा काही मिळतंय, हेही खरं आहे. मावळातल्या धरणांनी बाहेरच्यांनाच जास्त दिलं. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच डोंगररांगेत. वडिवळ्याच्या शेजारच्या शिरोट्याचं पाणी आजही डोंगरापलीकडे, सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात जातं. ते वीजघर १९१५ पासून मुंबईला वीज देतंय. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. इथलं पाणी बघत बसणाऱ्याला एवढा इतिहास ठाऊक असावा.

मुक्कामाची जागा शोधण्यात मावळातली खरी जाणकार मंडळी म्हणजे धनगर. पावसाळा सरला की पूर्वेकडच्या कोरड्या पठारावरून त्यांचे वाडे पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणापर्यंत जातात आणि पुढच्या पावसाच्या आत परततात. वाडा म्हणजे इथे घर नव्हे, चालतं बिऱ्हाड: मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरं आणि राहायला एक पाल. भात काढलेल्या शेतात ते मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. म्हणजे यांचा मुक्काम जमिनीला काही देऊन जातो. पाल कुठे पडलं आहे ते एकदा नीट बघावं. ते कधी खोलगटात नसतं, कधी एकट्या उंच झाडाखाली नसतं, कधी अगदी पाण्याच्या कडेला नसतं. दोन ओढ्यांच्या मधल्या सोंडेवर, पाण्यापासून बरंच वर, वाऱ्याला पाठ देऊन.

यातल्या प्रत्येक ‘नसतं’मागे कारण आहे. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला लागून असलेली हवा गारठते. गार हवा जड असते. ती डोंगरावरून ओढ्याच्या घळीतून पाण्यासारखीच खाली ओघळते आणि खोलगटात साचते. म्हणून ओढ्याच्या मुखाशी झोपलेला कुडकुडतो आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटर वर सोंडेवर झोपलेल्याला एका गोधडीवर भागतं. पाण्याच्या कडेला दव जास्त. त्यात माणूस स्वतःही पाणी सोडतो. दोघांच्या श्वासातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास वाफ बाहेर पडते आणि ती तंबूच्या गार कापडाला आतून लागते. पहाटे चेहऱ्यावर थेंब पडला की लोकांना वाटतं, तंबू गळतो. तंबू चांगला असतो, फक्त खिडक्या बंद असतात. थंडी वाजते म्हणून चेन वरपर्यंत ओढायची आणि सकाळी ओल्या पिशवीत जागं व्हायचं, हा नवख्यांचा ठरलेला क्रम. वरची जाळी उघडी ठेवावी आणि अंगाखाली जाड काहीतरी घालावं. गारठा हवेतून येतो त्याहून जास्त जमिनीतून येतो.

जमिनीचंही तसंच. मावळ म्हणजे बेसॉल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड. त्यावर कुठे बोटभर माती, कुठे मुरूम. बाजारातल्या तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या मेखा त्यात वाकतात. मेख शिरत नसेल तर दोर दगडाला बांधावा, आणि तो दगड दोन हातांनी उचलताना आधी काठीने हलवून बघावा, कारण त्याखाली विंचू असण्याचा संभव पुरेसा असतो. सगळ्यांत सपाट जागा म्हणजे कापणी झालेलं भातखाचर. वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी तांदूळ याच पट्ट्यातला. खाचर सपाट खरं, पण बांधबंदिस्त असतं. अवकाळीची एक सर आली की ते आपलं मूळ काम करतं, म्हणजे पाणी साठवतं.

साप म्हटलं की लोक तंबूभोवती मीठ, गंधक, फिनेल असलं काहीबाही टाकतात. त्याने काही होत नाही. रात्रीचा खरा धोका मण्याराचा. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा दुखतही नाही, त्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू हा त्यावर उत्तम उपाय आहे. या एका बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच्या राहुटीपेक्षा आजचा स्वस्त तंबू सरस. चेन मात्र लघवीला उठल्यावरही लावायची. बूट आत घ्यायचे. चावलाच तर मांत्रिक, पट्टी करकचून बांधणं, जखम कापणं यात वेळ न घालवता अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

आता पोहण्याचं. मावळातल्या धरणांत दरवर्षी तरुण मुलं बुडतात आणि त्यांतली पुष्कळशी पोहता येणारी असतात. कारण पुन्हा तेच: हा किनारा लाटांनी घडवलेला नाही. समुद्रात पाय पुढे टाकत गेलं की पाणी बेताबेताने वाढतं. पायाला तळ ‘कळतो’. धरणाच्या बुडात जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, बांधापलीकडे अचानक पुरुषभर खोली आहे, कुठे जुनी विहीर आहे, कुठे नदीचं मूळ पात्र. मातीचं धरण बांधायला माती लागते, ती बहुधा आसपासच्या जमिनीतूनच उपसतात. ते खड्डे पाण्याखाली गेलेले असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष पाण्यात पडू शकतं. तिथे तळाला मऊ गाळ, त्यात पाय रुततो. उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि खालचा एकदम गार असतो. गार थर छातीला लागला की श्वास अडखळतो आणि नाकातोंडात पाणी जातं. आणि पाण्याची पातळी महिन्याला बदलत असल्याने मागच्या वेळी जिथे उतरलो होतो ती जागा या वेळी तीच नसते. माझं मत स्पष्ट आहे: धरणात पोहू नये. हात-पाय धुवावेत आणि वर यावं.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात, वेगळाच प्रकार आहे. हिवाळ्यात पात्र जवळजवळ कोरडं, मऊ वाळू, झाडांची सावली. झोपायला याहून बरी जागा नाही असं वाटतं. पण वडिवळ्याचं पाणी पुढे इंद्रायणीला मिळतं. शेतीच्या आवर्तनाला ते सोडतात, आणि देहू-आळंदीच्या यात्रेत इंद्रायणीला पाणी हवं म्हणूनही सोडतात. आकाशात ढग नसताना, पहाटे तीन वाजता, पात्रात पाणी येतं ते असं. पावसाळ्यात हाच धोका वरच्या ओढ्यांना असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपण उभे असतो तिथे पाऊस कमी असला तरी वरच्या डोंगरावर तो कोसळत असतो, आणि घाटाच्या उघड्या कातळावर पाणी मुरत नाही. ते सगळंच्या सगळं काही मिनिटांत खाली येतं. पाणी गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या यायला लागल्या की तो निरोप समजायचा, आणि सामान सोडून वर चढायचं.

तळेगावात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी इथले गड रात्री-अपरात्री तुडवले आणि राजमाचीवर ‘माचीवरला बुधा’ वसवला. त्या काळी गडावरचा मुक्काम म्हणजे देवळात, गुहेत किंवा ओसरीवर. तंबू कोणाकडे नसायचा. त्याही आधी दोन हजार वर्षं भाजे-बेडशाच्या लेण्यांत भिक्खू पावसाळ्यात तीन महिने राहत आणि बाकीचा काळ हिंडत. नीट पाहिलं तर आपण हे उलटं केलं आहे. जे आठ महिने काठावर राहायला बरे, त्या दिवसांत लोक ऑफिसात असतात आणि बरोबर जूनमध्ये, काजवे बघायला आणि पहिला पाऊस अंगावर घ्यायला, हजारोंनी घाटावर येतात.

मार्च ते मे या दिवसांत काठावर टिटवी अंडी घालते. घरटं असं नसतंच. खडीत एक उथळ खळगा, त्यात मुरमाच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची तीन-चार अंडी. हातभर अंतरावरूनही दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की जागच्या जागी थांबावं, पायाखाली बघावं आणि आल्या वाटेने मागे फिरावं. तंबू दुसरीकडे टाकता येतो. शौचाला जाताना पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं वर, आणि पूर्ण संचय पातळीच्या रेघेच्याही वर जायचं. त्या रेघेच्या खाली पुरलेलं सगळं ऑगस्टात पाण्यात येतं, आणि ते पाणी खालची गावं पितात. शेकोटी पेटवायचीच तर उघड्या खडकावर, गवतापासून लांब, आणि निघताना राखेत हात घालून बघता येईल इतकी गार करून. मे महिन्यात डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटायला ठिणगी पुरते; शेतकरीसुद्धा भाताच्या रोपासाठी राब भाजताना वारा बघून भाजतात.

राहिली कच्ची वाट. कोरड्या दिवसांत ती कोणतीही गाडी नेते, त्यामुळेच फसगत होते. काठाजवळचा शेवटचा टप्पा बहुधा गाळाचा किंवा काळ्या मातीचा असतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. वळवाची अर्ध्या तासाची सर पडली की ती चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षीच बुजून जाते आणि चाक जागेवर फिरत राहतं. चारही चाकांना ताकद असलेली गाडी असेल तर ती फक्त थोडी आणखी आत जाऊन अडकते. म्हणून मुरूम संपतो तिथे, तोंड गावाकडे करून गाडी लावायची आणि पुढचं अंतर सामान पाठीवर घेऊन चालायचं. एवढं करायचा कंटाळा आला तर दुसरा रस्ता आहेच: सकाळी वाडीत जाऊन ट्रॅक्टर आणायचा. ट्रॅक्टरवाला दोर घेऊन येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, आदल्या दिवशी आपण कोणाला न विचारता खाली गेलो होतो हे त्याला ठाऊक असतं, आणि भाव तो गाडी बाहेर निघाल्यावर सांगतो.